बदामातली जागा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पुरवण्यांवर, आणि तिथेही 'थोडक्यात उत्तरे लिहा' असं दिसलं की मला हायसं वाटायचं. शिवाय एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस नीट पाहिलेला असावा लागतो. मी ज्यांच्यावर लिहितो आहे त्यांच्या घरात तीन वर्षं राहिलो आणि तरी त्यांना नीट पाहिलं नाही, हे मला मागच्या रविवारी कळलं. म्हणून लिहायचा हक्क नसतानाही लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तर आमचे खामगावचे घरमालक काका. देवांशी एवढं उद्धटपणे बोलणारा आणि देवांची एवढी काळजी वाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळांचे सुविचार आणि मुख्य म्हणजे देवळांच्या भिंती, हे त्यांचं काम. जगातल्या सगळ्या देवांवर एक मोठा अन्याय झालेला आहे आणि तो दूर करायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं ते मानत. अन्याय म्हणजे देवाच्या डोक्यामागे काढतात ती गोल चकती. त्या चकतीला ते 'ताट' म्हणत. "जेवून उठला अन् ताट डोस्क्यामागं अडकवून दिलं, असा दिसते देव," असं ते म्हणायचे. "उजेड काय नुसत्या डोस्क्यालेच असते काय बे? डोस्क्याले लाईन अन् हातापायाले भारनियमन?" त्यांच्या मते देवाभोवती डोक्यापासून पायापर्यंत एकच प्रभामंडळ पाहिजे, वर टोक, खाली टोक, मध्ये फुगीर. हुबेहूब बदाम. तरुणपणी एका मिशनच्या जुन्या दवाखान्यात रंगकामाला गेले असताना त्यांनी तसं एक चित्र पाहिलं होतं. येशू उभा आणि सगळ्या अंगाभोवती बदामासारखा उजेड. काका म्हणायचे, "तवा समजलं, हा मानूस पूर्ण उजेडात उभा हाय. आपले देव नुसते कपाळापुरते उजेडात." त्या दिवसापासून त्यांनी जात, धर्म, पंथ काही न पाहता हाती लागेल त्या देवाला बदामात उभं केलं. एकदा एका दूध डेअरीच्या पाटीवरच्या म्हशीलाही केलं. ती पाटी लागल्यावर चार दिवस लोक डेअरीसमोर चपला काढून आत जात होते. मालकाने पाटी पुसायला लावली तेव्हा काका म्हणाले, "गावात एकाच जागी खरा भक्तिभाव होता, तोही याले पाहवला नाही."

बदाम काढायची त्यांची रीत ठरलेली होती. भिंतीत दोन खिळे ठोकायचे, सुतळीला गेरूचा खडा बांधायचा आणि दोन्ही खिळ्यांवरून एकमेकांत घुसलेली दोन मोठी वर्तुळं काढायची. दोन्हींत जो भाग येतो तो बदाम. बाकीचं पुसून टाकायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भूमितीच्या तासाची आठवण झाली आणि मी तसं बोललो. काकांना ते आवडलं नाही. "भूमिती कायची? हे एक वर्तुळ त्याचं, हे एक आपलं. मधात जेवढं दोघाईचं आहे तेवढ्यात तो उभा राह्यते. दोन भावांची सामाईक विहीर असते न, तसं." मग थोडा विचार करून म्हणाले, "म्हून तं तिथं एवढी भांडणं होतात."

या घरात मी राहायला आलो तेव्हा वडील मला सोडायला आले होते. आमचं गाव साखरखेर्ड्याजवळचं, वडील गवंडी. काकांनी दार उघडलं, आमच्या दोघांच्या मधून अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे पाहिलं आणि विचारलं, "नाव काय?" वडिलांनी मागे वळून पाहिलं. झाडाखाली कोणी नव्हतं. मला हळूच म्हणाले, "कुणाशी बोलायलेत रे हे?" ही काकांची सवय होती. कोणाकडेही ते सरळ पाहत नसत. दाणा टिपायच्या आधी कोंबडी मान वाकडी करून पाहते, तसे ते माणसाला बाजूने पाहत. कोणी दारात येऊन नुसतं उभं राहिलं तर खवळायचे. "बोल बे, आधी बोल! तोंड काय समद्याईलेच असते." तोंडावरून माणूस ओळखणं हा त्यांना अडाणीपणा वाटे. माणूस चालण्यावरून, खांद्यावरून, सावलीवरून ओळखावा. "मानसाची कडा पाहायची. मधातलं तं तो रोज बदलते." मला हे फार खोल वाटायचं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं.

गावातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात उजेड वाटत फिरणं हा त्यांचा दुसरा उद्योग. कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याला पूर्ण बदाम. आमच्या प्राचार्यांना ताट, "तेबी स्टीलचं." समोर एक फ्लेक्सचं दुकान होतं. तिथला फ्लेक्सवाला वाढदिवसाच्या बॅनरवर प्रत्येक भावी सरपंचाच्या डोक्यामागे फिरत्या किरणांचं चक्र लावून देई. काका त्याच्यावर भयंकर चिडून होते. "अर्ध्या तालुक्याले देव करून टाकलं या गड्यानं. आता नमस्कार करायले मानूस उरला नाही." त्याला त्यांनी ताट तर सोडाच, डब्याचं झाकणही दिलं नाही. मी एकदा भीतभीत विचारलं, "काका, मला काय?" त्यांनी मान वाकडी करून माझ्या कानाच्या आसपास पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या डोस्क्यामागं अजून वाटीबी नाही." मी पहिल्या वर्षी वर्गात दुसरा आलो तेव्हा पुन्हा विचारलं. "पास तं समदेच होतात. वाटीसाठी काही तरी करून दाखव." त्या वाटीसाठी मी तीन वर्षं मनापासून अभ्यास केला, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

एके काळी काकांचे चेहरे प्रसिद्ध होते. किराणा दुकानातल्या त्यांच्या लक्ष्मीकडे पाहून गिऱ्हाइकं दचकत. लक्ष्मी एवढी रागावलेली कशी, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "मॉडेल घरचं आहे." काकू आतून भांडं आपटायच्या आणि ते अगदी लक्ष्मीसारख्या चेहऱ्याने. पण मी राहायला आलो तोपर्यंत त्यांची एक नवीच पद्धत सुरू झालेली होती. ते आधी बदाम पूर्ण करत, कडेला गडद केशरी, आत येता येता पिवळा, मध्ये दुधासारखा पांढरा. देव शेवटी. "आधी उजेड, मंग देव. खोली झाडल्याबिगर पावन्याले बोलवते काय कोनी?" अडचण एवढीच की पाव्हणा येईपर्यंत काकांचं पंचकमिटीशी भांडण व्हायचं आणि ते ब्रश गुंडाळून घरी यायचे. एका गावात मारुतीचा शेंदरी बदाम पाहून कोणी तरी म्हणालं, मिरचीसारखा दिसतो. झालं. जळगाव जामोदकडच्या एका खेड्यात कोणी 'फणस' म्हणालं. तिथे तर रिकाम्या बदामालाच लोक हळदकुंकू वाहायला लागले. आत कोण येणार होतं हे कोणाला आठवत नव्हतं आणि विचारायला काका थांबले नव्हते. आता तिथे बदामोबाचा नवस फेडतात म्हणे. काका असे अर्ध्यातून परत आले की काकू कधीच का म्हणून विचारत नसत. पाण्याचा तांब्या पुढे करत आणि एवढंच म्हणत, "आले? बरं झालं." नवऱ्याचं काम मोडल्यावर बरं कसं झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावच्या बुद्धविहाराचं बांधकाम झालं. समोरच्या मोठ्या भिंतीचं प्लास्टर वडिलांनी केलं होतं, मजुरी न घेता. वडील त्या भिंतीवरून हात फिरवायचे तेव्हा पाठीवरून फिरवल्यासारखे फिरवायचे. त्या भिंतीवर बुद्धाचं चित्र काढायचं ठरलं आणि वडील बैठकीत पहिल्यांदाच उभे राहून बोलले. "माझ्या पोराचे घरमालक काढतील. माझा शब्द हाय. बुद्धपौर्णिमेच्या आत बुद्ध भिंतीवर बसतील." वडील गावात कधी बोलत नसत. गवंड्याने भिंत बांधावी, भिंतीवर काय असावं ते दुसऱ्यांनी ठरवावं, अशी रीत. म्हणून हा शब्द मोठा होता. मला वाटलं, वाटी आता फार लांब नाही.

काका आधी नाही म्हणाले. मग मी रोज पाठीशी लागलो. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राहू दे न बाबू, त्याईले आता प्रवास सोसत नाही." मी म्हटलं, मी सोबत आहे ना. शेवटी काका तयार झाले. बसस्थानकावर प्रत्येक गाडी आली की ते मला कोपराने ढोसत. "वाच बे पाटी. कॉलेजात शिकते न तू? पाहू येते काय वाचता." मी मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि आजूबाजूचे लोक हसत होते. चिखलीला गाडी बदलून आम्ही गावी पोचलो. आईने भाकरी आणि वांग्याची भाजी केली. काका ताटात बोटांनी चाचपत जेवले. आईला वाटलं, मोठा माणूस, आपल्या घरचं जेवण पारखून घेतो.

तीन दिवसांत त्यांनी जो बदाम काढला तो मी कधी विसरणार नाही. जमिनीपासून वर चांगला दीड पुरुष उंच. भिंतीच्या पलीकडे कोणी कंदील धरला आहे आणि उजेड प्लास्टरमधून झिरपतो आहे, असं वाटत होतं. काका चढत त्या लाकडी शिडीची घोडी वडील धरून उभे राहत आणि संध्याकाळी घरी येऊन फक्त एवढंच म्हणत, "भिंतीनं रंग चांगला धरला."

चौथ्या दिवशी चेहऱ्यापासून सुरुवात व्हायची होती. विहाराचे अध्यक्ष, आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी, छत्री टेकत आले आणि म्हणाले, "पेंटरसाहेब, डोळे उघडे काढा बरं का. आमचा बुद्ध जागा पाहिजे."

"ध्यानात बसलेला मानूस टकटक पाहते काय?" काका म्हणाले.

"उघडे म्हणजे उघडे. आणि दुसरं, तुम्ही कालपासून देव देव म्हणताहात. बुद्ध देव नाहीत. त्यांनी रस्ता दाखवला."

"मंग बदाम पुसू काय? रस्ता दाखवनाऱ्याले कंदील देतो एक हातात!"

पोरं हसली. गुरुजींचा चेहरा पडला. पण भांडण वाढू नये म्हणून ते नमतं घेऊन म्हणाले, "बरं, तुमच्या मनासारखे अर्धे मिटलेले काढा."

इथे कोणीही शहाणा माणूस ब्रश उचलतो. काका उलट जास्तच भडकले. "आता तं मुळीच नाही! एका घडीले उघडे, एका घडीले मिटलेले. ज्याईले आपल्या बुद्धाचे डोये ठरवता येत नाहीत त्याईच्या भिंतीले मी हात लावत नाही." त्यांनी ब्रश फडक्यात गुंडाळले आणि दाराकडे निघाले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा घासला. वडील घोडी धरून तसेच उभे होते. घोडीवर कोणी नव्हतं.

पौर्णिमेला सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत आलं. गुरुजींनी घरून बुद्धाची तसबीर आणून स्टुलावर ठेवली. एवढ्या मोठ्या बदामासमोर ती पाकिटावरच्या तिकिटासारखी दिसत होती. वंदना झाली, खीर झाली. कोणी वडिलांना वाकडं बोललं नाही. पण दरवर्षी पुढे बसणारे वडील त्या दिवशी पार मागे, चपलांच्या शेजारी बसले होते.

मी खामगावला परत आलो तो थेट काकांसमोर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडलो. "गुरुजी ऐकायला तयार होते. तुम्हीच भांडण काढलं. माझ्या वडिलांचा शब्द होता तो! जमत नाही तर जमत नाही म्हणून सांगायचं होतं." काका कोरडा ब्रश पुसत बसले होते. मला वाटलं आता काही तरी फटकळ येणार. आलं नाही. त्यांनी मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं, अगदी चेहऱ्यात. मग पुन्हा ब्रश पुसू लागले. काकू दारात उभ्या होत्या. परीक्षा झाली तशी मी खोली सोडली. काका घरात असतानाही मी फक्त काकूंच्या पाया पडलो आणि निघालो.

पुढे मी एम.ए.ला दुसऱ्या शहरात आलो. एका तासाला मॅडमनी शिकवलं की अगदी जुन्या काळच्या शिल्पांत बुद्धांची मूर्ती नसायचीच. झाड दाखवायचे, पावलं दाखवायचे, रिकामं आसन दाखवायचे. बसणाऱ्याची जागा मोकळी. मी बाकावरून उठून ओरडणारच होतो. त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला, वडिलांनी बैठकीत सांगितलं, आणि गुरुजींना एवढा आनंद झाला की ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, आपला विहार फार जुन्या पद्धतीचा आहे. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "म्हंजी बुद्ध बाहेर गेलेत व्हय? येतीन मग." आणि मग कोणी सुरुवात केली माहीत नाही, पण लोक त्या बदामात उभे राहून फोटो काढू लागले. दहावी पास झालेली पोरं, नवं जोडपं, लेकराचा पहिला वाढदिवस. एवढं झालं तरी मी काकांना फोन केला नाही. राग गेला होता, पण पहिला शब्द काय बोलायचा ते सुचत नव्हतं.

मागच्या रविवारी वडिलांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "तुझे घरमालक आले होते. त्यांच्या बाईंनी हाताला धरून आणलं." काका थेट आमच्या घरी आले, पाणीही न पिता म्हणाले, "तुमचा शब्द माह्यामुळं गेला, ते सांगायले आलो." मग त्यांनी वडिलांना सांगितलं. चार-पाच वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, मधोमध नुसता डाग. माणूस उभा दिसतो, त्याचे खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी काही नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. काकूंशिवाय कोणाला माहीत नव्हतं. चेहरे काढणारा पेंटर म्हणून जे नाव होतं ते जाऊ नये म्हणून ते गावोगाव उजेड काढत आणि देव यायच्या आत भांडून निघून येत.

वडील त्यांना विहारात घेऊन गेले, वाटेत माझ्या फोनची, रिकाम्या आसनाची गोष्टही सांगितली. काका भिंतीपासून लांब उभे राहिले, मान वाकडी करून बराच वेळ बदामाची कड पाहत. मग त्यांनी सरळ समोर पाहिलं आणि विचारलं, "मधात कोनी हाय काय?"

"हाय," वडील म्हणाले. "आमच्या शेजाऱ्याची पोरगी हाय. बारावी पास झाली, फोटो काढायलेत तिचा."

"हासून राह्यली काय?"

"व्हय. दात दिसायलेत सगळे."

"मंग ठीक हाय," काका म्हणाले. "जागा भरली."

फोन कानाला धरून मी वसतिगृहाच्या जिन्यात उभा होतो. मला ती दुपार आठवत होती, मी ओरडलो आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं ती. इतके दिवस मला वाटत होतं, त्या दिवशी त्यांनी मला नीट पाहून घेतलं. खरं तर त्यांनी माझा चेहरा दिसणार नाही असं पाहिलं होतं.

"ऐकायलास का?" वडील म्हणाले. "बस आली तेव्हा पाटी मीच वाचून दिली त्यांना. चढता चढता तुझ्यासाठी निरोप देऊन गेले. मला काही समजला नाही. म्हणाले, पोराले सांगा, वाटी देली."